काचेच्या पेटीतलं भातखाचर: फायटर मासा असा का वागतो?

शालू आमच्याकडे आला त्याच्या चौथ्या सकाळी तो पानावर आडवा पडलेला दिसला. एका कुशीवर, पर मिटलेले, डोळे सताड उघडे, हालचाल नाही. लेक शाळेच्या गणवेशातच रडायला लागली. मी काचेवर बोटाने हलकीशी टिचकी मारली (असं करायचं नसतं, हे नंतर समजलं) आणि तो दचकून उठला, गर्रकन फिरला, सरळ वर गेला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि काचेजवळ येऊन आमच्याकडे बघत राहिला.

शालू हे नाव लेकीने ठेवलं. लाल-जांभळी शेपटी आजीच्या शालूच्या पदरासारखी पसरते म्हणून. तो नर आहे हे कळेपर्यंत नाव पक्कं झालं होतं.

त्या एका मिनिटात त्याने तीन गोष्टी केल्या: पानावर आडवं पडून झोपला, हवेचा घोट घेतला आणि आमच्याकडे रोखून बघितलं. तिन्ही गोष्टी बघून पाहुण्यांना हसू येतं. गेली दोन वर्षं मी या माशाविषयी मिळेल ते वाचते आहे आणि आता मला यातली एकही गोष्ट विचित्र वाटत नाही. हा भातखाचरातला मासा आहे. काचेच्या पेटीत ठेवला तरी तो भातखाचरातल्यासारखाच जगतो. हे एकदा लक्षात घेतलं की त्याच्या प्रत्येक चाळ्याचा अर्थ लागायला लागतो.

मूळ गाव

दुकानात त्याला 'फायटर' म्हणतात. पुस्तकी नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. मूळ देश थायलंड, त्यातही मध्य थायलंडमधलं चाओ फ्राया नदीचं खोरं: भातशेतं, दलदल, पाटाच्या कडेची डबकी. थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला थिओडोर कँटर नावाचा एक डॅनिश डॉक्टर होता. त्याने १८४९ साली या माशाविषयी लिहिलं, पण दुसऱ्याच माशाचं नाव त्याला देऊन. १९०९ साली चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश अभ्यासकाने ती चूक निस्तरली आणि आजचं नाव दिलं. 'स्प्लेंडेन्स' म्हणजे लॅटिनमध्ये झळाळणारा. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

तिथे हा मासा माणसाने पाळायला घेऊन फार काळ लोटला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार किमान हजार वर्षं. आधी झुंजींसाठी, मग देखणेपणासाठी. आपण दुकानात बघतो ती पिसाऱ्यासारखी शेपटी, तो निळा, लाल, पांढरा रंग ही सगळी माणसाची निवड आहे. रानातला फायटर आखूड परांचा, मातकट-हिरवट असतो. खाचरात चटकन दिसणार नाही असा.

कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला जे गेले आहेत त्यांना भाताच्या खाचरात मासा राहतो याचं नवल वाटणार नाही. घोट्याएवढं पाणी, ऊन लागून कोमट झालेलं, वाहतं नाही, चिखल आणि गवताने भरलेलं. अशा पाण्यात दोन अडचणी असतात. एक, कोमट आणि साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी. दोन, पाणी उथळ, म्हणजे वरून बगळा आणि शेजारून दुसरा नर, दोन्हीकडून लक्ष ठेवावं लागतं. फायटरचं बरंचसं वागणं या दोन अडचणींतून आलेलं आहे.

हवेचा घोट

पहिली अडचण त्याच्या शरीराने सोडवली. बाकीच्या माशांप्रमाणे त्याला कल्ले आहेतच. शिवाय कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, घड्या घातलेल्या पातळ पापुद्र्यांचा एक अवयव आहे. त्याला लॅबिरिंथ म्हणतात, म्हणजे चक्रव्यूह, कारण आतली रचना तशीच गुंतागुंतीची. त्या घड्यांवर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मासा वर येतो, तोंडाने हवा घेतो, ती या घड्यांत अडकते आणि तिथून प्राणवायू थेट रक्तात जातो. ओल्या फडक्याची एकावर एक घडी घातली की थोड्या जागेत मोठं फडकं मावतं, तसं थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग बसवायची ही युक्ती आहे. गुरामी मासे याच कुळातले. आपल्याकडे सापडणारा, जमिनीवरून सरपटत जाणारा अनाबास हाही याचा चुलतभाऊ.

हा अवयव जन्मतः नसतो. पिल्लं काही आठवड्यांची झाली की तयार होतो. आणि मोठ्या फायटरला त्याची सवय नव्हे, गरज असते. वर यायला जागाच ठेवली नाही तर हा मासा पाण्यात गुदमरून मरू शकतो. म्हणून तो वर येऊन तोंड उघडतो तेव्हा 'ऑक्सिजन कमी पडलाय, पंप लावा' असं म्हणत कुणी धावून आलं तर थांबवा. तो श्वास घेतो आहे. आणि पाणी काठोकाठ भरू नका. मधे हवेचा थर हवा.

याच गोष्टीचा गैरसमज करून घेऊन त्याला चहाच्या ग्लासाएवढ्या पाण्यात ठेवलं जातं. 'हवेतून श्वास घेतो ना, मग पाणी किती का असेना.' मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला जाऊन बघा. प्लास्टिकच्या ग्लासांची रांग, प्रत्येकात एक फायटर, मधे पुठ्ठ्याचे तुकडे लावलेले, एकमेकांना दिसू नयेत म्हणून. दुकानात दोन-चार दिवस ते चालून जातं, घरात दोन वर्षं नाही. हवेतून श्वास घेता येतो म्हणून त्याची विष्ठा पाण्यातून नाहीशी होत नाही. ती कुजून अमोनिया होतो आणि अमोनिया कल्ले आणि कातडी जाळतो. शिवाय खाचर उथळ असलं तरी पसरट असतं. पाणी वीतभर खोल, पण लांबरुंद. मासा मोकळा फिरतो. याला ग्लास म्हणजे खाचर नव्हे.

दाढी फुगवणारा

आता ज्यासाठी तो प्रसिद्ध आहे ते. काचेजवळ छोटा आरसा धरा. क्षणभर तो गोठतो. मग कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंना उघडतात, आतला गडद पडदा गळ्याभोवती दाढीसारखा बाहेर येतो, सगळे पर ताठ होतात, शेपटी पंख्यासारखी उलगडते आणि एवढासा मासा एकदम दुप्पट दिसायला लागतो. मग तो आडवा होतो, आपली पूर्ण बाजू समोरच्याला दाखवतो आणि शेपटीने पाण्याला फटके मारतो. इंग्रजीत याला फ्लेअरिंग म्हणतात. आमच्या घरात 'शालूने दाढी काढली' म्हणतात.

हे दिसतं पोकळ, पण पोकळ नाही. कल्ल्यांची झाकणं अशी उघडी धरली की पाणी कल्ल्यांवरून नीट फिरत नाही. म्हणजे दाढी काढलेला मासा श्वासाला मुकतो आहे. पाण्यात प्राणवायू कमी असेल तर फायटर दाढी कमी वेळ काढतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे 'मी एवढा वेळ दाढी काढून उभा राहू शकतो' हे सांगणं म्हणजे 'माझ्यात एवढा दम आहे' हे सिद्ध करणं. दोघांपैकी एकाला तेवढ्यावरच कळून चुकतं आणि तो निघून जातो. खाचरात निघून जायला जागा असते, म्हणून तिथे बहुतेक भांडणं दाढीवरच मिटू शकतात. टाकीत पळायला जागा नसते, म्हणून दोन नर एका टाकीत ठेवले तर एकाचा जीव जातो. झुंज लावणाऱ्यांनी नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला.

आरसा त्याला आवडतो का, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. १९६३ साली ट्रॅव्हिस थॉम्पसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच्याजवळ जाणारा एक प्रयोग केला. टाकीत एक कडं ठेवलं. मासा त्यातून पोहत गेला की त्याला आरशातलं स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं. खाणं नाही, काही नाही, फक्त प्रतिस्पर्ध्याचं दर्शन. फायटर कड्यातून पुन्हा पुन्हा जायला शिकले. म्हणजे भांडायची संधी हेच त्यांना बक्षीस वाटत होतं. पण यावरून आरसा कायम टाकीत ठेवा, असा अर्थ काढू नका. रोज दोन-तीन मिनिटं व्यायाम म्हणून ठीक. तासभर आरसा ठेवला तर तो तासभर कधीही न हरणाऱ्या शत्रूशी लढत राहतो, कारण प्रतिबिंब पळून जात नाही.

मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते प्रेक्षकांच्या प्रयोगांनी. १९९८ साली ऑलिवेरा, मॅकग्रेगर आणि लॅट्रूफ या तिघा संशोधकांनी एका फायटरला काचेपलीकडून दोन नरांची झुंज बघू दिली. नंतर त्या बघ्याची गाठ त्यातल्या जिंकलेल्या आणि हरलेल्या माशांशी घालून दिली. हरलेल्यासमोर बघ्या लगेच पुढे सरसावला. जिंकलेल्यासमोर मात्र त्याने बराच वेळ घेतला. जी झुंज त्याने बघितलीच नव्हती, त्यातल्या माशांबाबत असा फरक दिसला नाही. गल्लीतल्या भांडणाला खिडकीतून कान लावणारा माणूस जसा कोण कसा आहे ते मनात नोंदवून ठेवतो, तसंच हे आहे. २००१ साली यातल्याच काहींनी उलट बाजू तपासली: भांडणाऱ्या नरांना एखादी मादी बघत असेल तर? तर ते चावे कमी घेतात आणि दाढी, शेपटीचे फटके असली दिखाऊ कवायत वाढवतात. समोर शत्रू, पण ती कवायत जणू बघणारीलाही दाखवायची असते.

२०२० साली जपानी आणि तैवानी संशोधकांच्या एका गटाने झुंजींचं चित्रीकरण करून आणखी एक गोष्ट दाखवली. झुंज लांबली की दोघांच्या हालचाली एकमेकांशी जुळत जातात: चावे, जबड्यात जबडा अडकवणं, श्वासासाठी वर जाणं, सगळं तालात. इतकंच नाही, त्यांच्या मेंदूतली कोणती जनुकं जागी होतात तेही जुळत जातं आणि वीस मिनिटांच्या झुंजीपेक्षा तासाभराच्या झुंजीत जास्त जुळतं. लेझीम खेळताना समोरच्याच्या पायाकडे बघत आपलं पाऊल आपोआप पडतं, तसं दोन वैऱ्यांचं होतं. हे वाचल्यावर मी शालूला आरशासमोर बघते तेव्हा वाटतं, त्या बिचाऱ्याचा ताल कधी जुळतच नसेल. प्रतिबिंब त्याच्याआधी कधी हलत नाही.

बाप

एक दिवस टाकीच्या कोपऱ्यात फेस दिसतो. भांडी घासायच्या साबणाचा असावा तसा, बारीक बुडबुड्यांचा, चिकट. नवीन पाळणारे घाबरून तो चमच्याने काढतात. मीही काढला होता. ते त्याचं घरटं असतं.

नर वर येतो, हवेचा घोट घेतो, तोंडात लाळेसारखा चिकट थर चढवून तिचा बुडबुडा करतो आणि तरंगत्या पानाच्या खाली नेऊन सोडतो. असे शेकडो. मधेच थांबून खालून घरट्याकडे बघतो, एखादा बुडबुडा फुटला असेल तिथे नवा लावतो. शालूने एकदा संपूर्ण दुपार यात घालवली आणि त्या वेळात खाण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

खाचरातलं कारण सरळ आहे. या माशाची अंडी पाण्यापेक्षा जड असतात, सोडली की बुडतात. तळाशी चिखल आणि प्राणवायूची टंचाई. म्हणून अंडी वर, हवेला चिकटून ठेवायला हवीत. मीलनाच्या वेळी नर मादीला घरट्याखाली आपल्या अंगाने वेढा घालतो. मादी अंडी सोडते आणि काही सेकंद गुंगी आल्यासारखी तशीच तरंगत राहते. तेवढ्या वेळात नर खाली झेपावतो, बुडणारी अंडी तोंडात गोळा करतो आणि एकेक करून बुडबुड्यांत बसवतो. असं पुन्हा पुन्हा, तासन्‌तास. काम संपलं की तो मादीला हाकलून देतो, कारण ती अंडी खाऊ शकते.

मग तो एकटा पहारा देतो. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि स्वल्पविरामाएवढी पिल्लं शेपट्या खाली लोंबकळवून घरट्याला टांगलेली दिसतात. एखादं घसरून खाली पडलं की बाप त्याला तोंडात धरून वर आणतो आणि घरट्यात हलकेच सोडतो. ज्या तोंडाने चावतो म्हणून त्याचं नाव 'प्ला कात' पडलं, त्याच तोंडाने. ही गोष्ट मी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फक्त चित्रफितीत बघितली आहे, तरी प्रत्येक वेळी मला भरून येतं. आणखी दोन-तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहायला लागतात आणि मग टाकीत बापाला वेगळं करावं लागतं. पोहणारं पिल्लू आणि खाऊ यातला फरक त्याला राहत नाही.

घरट्याविषयी एक समज सगळीकडे आहे: फेस केला म्हणजे मासा आनंदात आहे. हे अर्धंच खरं. मासा वयात आला आहे, पाणी कोमट आहे आणि वरचा पृष्ठभाग हलत नाही, एवढं घरट्यावरून कळतं. पण दुकानातल्या ग्लासांतही फेस दिसतो आणि तिथले मासे काही सुखात नसतात. तेव्हा 'घरटं करतो म्हणजे एवढी जागा पुरते' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उलट, घरटं करत नाही म्हणून हिरमुसूही नका. फिल्टरच्या धारेने पाणी हलत असेल तर बुडबुडे टिकतच नाहीत.

बारीकसारीक

झोप. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे झोपलेला मासा डोळे उघडे ठेवूनच झोपतो. फायटर आडवा होतो, कधी पानात रेलतो, कधी रोप आणि काच यांच्यामधे अंग अडकवून ठेवतो. लांब शेपटीच्या जातींना तर असं टेकणं लागतंच, एवढा पदर सांभाळत पोहणं दमवणारं असतं. पृष्ठभागापासून दोन-तीन इंच खाली एक रुंद पान असलं की तो तेच निवडतो, कारण श्वासाला वर जायचं अंतर कमी. रात्री टाकीचा दिवा बंद करा. उजेडात त्याला नीट झोप लागत नाही.

थुंकणं. दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो. लेकीला वाटायचं त्याला चव आवडली नाही. खाचरात याचं खाणं म्हणजे डासांच्या अळ्या, पाण्यावर पडलेले किडे, सगळं मऊ आणि जिवंत. तोंडही वरच्या बाजूला वळलेलं, पृष्ठभागावरचं टिपायला. कोरडा, कडक दाणा त्याला मऊ करून, फोडून घ्यावा लागतो. मी दाणे आधी दोन मिनिटं पाण्यात भिजवते, मग थुंकणं बरंच कमी होतं. आणि खाणं थोडंच द्यायचं. तो भुकेला आहे असं तो नेहमीच दाखवतो. जादा खाल्लं की पोट फुगतं आणि मग तो तिरका तरंगतो. ती गंमत नाही, तो त्रास आहे.

जांभई. होय, फायटर जांभई देतो. जबडा पूर्ण वासतो, गालफडं ताणली जातात. रोनाल्ड बेनिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली फायटर, माणूस, सिंह आणि मँड्रिल माकड या चौघांच्या जांभयांची तुलना करून शोधनिबंध लिहिला. हे मला कळलं त्या दिवशी मी जेवताना घरातल्या सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी जांभया दिल्या.

बोटामागे फिरणं. आपण खाणं देतो ते त्याच्या लक्षात राहतं. डबा उघडायचा हात, ठराविक वेळ, टाकीसमोर येणारी सावली, यांचा खाण्याशी संबंध तो पटकन जोडतो आणि समोर येऊन अंग घुसळत नाचतो. त्याच जोरावर त्याला बोटामागे फिरायला आणि कड्यातून जायला शिकवता येतं. नवा दगड किंवा नवं रोप ठेवलं की तो त्याला जवळून, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने बघत चक्कर मारतो.

उडी. हा मासा चांगली उडी मारतो. माझ्याकडे झाकण नव्हतं तेव्हा एका पहाटे शालू टेबलाखाली सापडला, अंगाला धूळ चिकटलेली. चक्रव्यूहाने वाचवलं. अंग ओलं होतं तोवर तो हवेवर तग धरून राहिला. त्या दिवशीच झाकण आणलं, हवा जायला फट असलेलं.

रंग. काही फायटर महिन्या-दोन महिन्यांत रंग बदलतात, विशेषतः संगमरवरासारख्या ठिपक्यांचे, ज्यांना दुकानदार 'मार्बल' म्हणतात. पांढरा आणलेला निळा होतो. मासा बदलून दिला असं समजून दुकानदाराशी भांडू नका. मादीच्या अंगावर आडव्या रेघा उमटल्या तर ती घाबरली आहे. उभ्या पट्ट्या आल्या तर ती जोडीला तयार आहे.

गंमत नसलेली गंमत

हे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे, कारण याच्या चित्रफिती लोक 'बघा कसा नाचतो' म्हणून पाठवतात. काचेच्या कडेने सतत वर-खाली, वर-खाली पोहत राहणं म्हणजे नाच नव्हे. जागा अपुरी, पाणी खराब किंवा काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत राहणं यामुळे तो तसं करतो. बाहेर अंधार आणि टाकीत दिवा असला की काचेचा आरसा होतो. अशा वेळी आधी दिवा बंद करून बघा, मग पाणी बदला.

शेपटीच्या कडेला अर्धगोल तुकडे नाहीसे झालेले दिसले आणि टाकीत दुसरा मासा नसेल, तर तो स्वतःची शेपटी चावतो आहे. कंटाळा, ताण, जोराची धार अशी कारणं असतात. पर अंगाशी घट्ट मिटून तळाशी बसणं, खाणं सोडणं हे बहुतेक वेळा पाणी गार झाल्याचं लक्षण. त्याला २४ ते २८ अंश लागतात. मुंबईत ते वर्षभर बहुधा आपोआप जमतं. पुण्यात, नाशकात डिसेंबर-जानेवारीत पाणी याहून गार होतं, तिथे हीटर हवाच. माझी बहीण पुण्यात राहते. तिचा मासा दोन हिवाळे 'आळशी' म्हणवला गेला. हीटर लावल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने दाढी काढली.

करायचं काय ते थोडक्यात सांगते. निदान वीस लिटरची, उंच नव्हे तर लांबट टाकी. मंद फिल्टर. नळाचं पाणी क्लोरीन काढून, म्हणजे अँटी-क्लोरीनचे थेंब घालून. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, सगळं एकदम नाही. लपायला रोपं.

आणि बदामाचं पान. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, गोव्यात तर दारोदार जे लाल होऊन गळणाऱ्या रुंद पानांचं झाड असतं ते, जंगली बदाम. थायलंडमध्येही फायटरवाले हेच पान वापरतात. औषध न फवारलेल्या झाडाचं, आपोआप गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टाकीत सोडायचं. दोन-तीन दिवसांत पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. तो पानातल्या टॅनिनचा. पाणी किंचित आम्लयुक्त आणि मवाळ होतं. खाचरातलं, पालापाचोळा कुजलेलं पाणी असंच असतं. बघणाऱ्याला ते घाण वाटतं, माशाला नाही. दुकानात ही पानं पाकिटात घालून विकतात. आमच्या कोपऱ्यावरच्या झाडाखाली ती फेब्रुवारीत ढिगाने पडलेली असतात आणि लेक दप्तरातून रोज एक आणते.

मागच्या रविवारी पाणी बदलताना माझ्या हाताने शालूचं घरटं मोडलं. निम्मा फेस मगात आला. त्याने मगाच्या कडेला दाढी काढली, माझ्या बोटाला एक धडक दिली आणि वर गेला. मी नवं पान सोडलं ते अजून नीट भिजलंही नव्हतं, तोवर त्याच्याखाली पहिला बुडबुडा चिकटला होता.